रत्नागिरी आणि तिच्या खाड्या: स्वतःच्या गाडीने फिरायचं तर

नकाशात जयगड आणि तवसाळ ही दोन गावं एकमेकांसमोर दिसतात. मध्ये फक्त शास्त्री नदीची खाडी. फेरीबोट चालू असेल तर गाडीसकट जेमतेम पाव तासात पलीकडे पोचता येतं. बंद असेल तर आतल्या राई-भातगाव पुलाचा वळसा घ्यावा लागतो आणि तो पूल माहीत नसेल, तर महामार्ग गाठून चिपळूणमार्गे गुहागर करण्यात दिवस संपतो. रत्नागिरीचा सगळा किनारा असाच आहे. सह्याद्रीतून निघालेली नदी साठ-सत्तर किलोमीटरांत समुद्राला मिळते, मुखाशी तिची रुंद खाडी होते आणि किनाऱ्याने जाणारा रस्ता तिथे येऊन अडतो. त्यामुळे इथला बेत आखताना आधी खाड्या मोजाव्यात, किलोमीटर नंतर.

या खाड्यांमुळेच ही बंदरं जन्माला आली. मुखाशी बंदर आणि त्याच्या रक्षणाला किल्ला, भरतीच्या पाण्यावर गलबत जिथवर आत जाऊ शकेल तिथे बाजारपेठ आणि तिच्यामागे देशावर चढणारा घाट, अशी ही साखळी आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, आत चिपळूण, वर कुंभार्ली घाट. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, आत संगमेश्वर. अर्जुना नदीच्या मुखाशी जैतापूर, आत राजापूर, वर अणुस्कुरा. वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग, आत खारेपाटण आणि पुढे बावड्याकडचे घाट. रत्नागिरी शहर काजळी नदीच्या मुखाशी आहे आणि त्याचा घाट आंबा. ही साखळी डोक्यात असली की सुटे वाटणारे किल्ले, देवळं आणि पडक्या वखारी जागच्या जागी बसतात. एका सहलीत सगळ्या खाड्या पाहायचा हट्ट नको. दोन खाड्या मुखापासून पेठेपर्यंत नीट पाहिल्या, तर आठ समुद्रकिनाऱ्यांवर फोटो काढण्यापेक्षा हा प्रदेश जास्त कळतो.

मुख्य मुक्काम रत्नागिरीत ठेवावा. शहराला एक दिवस, उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन. पाच दिवस नसतील तर एक दिशा सोडून द्या, पण दोन्ही दिशा एकेका दिवसात कोंबू नका. किनाऱ्याच्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटरच पडतो. नकाशातलं अ‍ॅप याहून बरंच आशावादी असतं, कारण समोरून एसटी आली की शंभर मीटर मागे जावं लागतं, हे त्याच्या हिशेबात नसतं.

भरतीचा हिशेब

गाडीच्या सहलीत भरती-ओहोटी कशाला, असं वाटेल. पण फेरीबोटीचा उतार, हेदवीची बामणघळ, वाळूचे किनारे, खाडीकाठच्या जुन्या गोद्या, सगळं पाण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. कोकणातला जुना आडाखा सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावस्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते आणि रोजची वेळ अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आडाख्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. बेत आखायला तेवढं पुरतं, नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यात पाहावी.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाण्याची चढउतार सर्वात जास्त असते, अष्टमीला सर्वात कमी. अमावस्येला दुपारी भरती आणि संध्याकाळी ओहोटी. म्हणजे संध्याकाळी किनारा लांबच लांब उघडा पडतो आणि नेमका तेव्हाच गाडी वाळूत उतरवण्याचा मोह होतो. त्याबद्दल पुढे.

शहर

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला वळलं की शहर साधारण १३ किलोमीटर. मारुती मंदिरापर्यंत रस्ता मोकळा, तिथून आत जयस्तंभ, राम आळी, गोखले नाका हा भाग अरुंद आणि गजबजलेला. गाडी बाहेर लावून पायी फिरणं हिताचं. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर चालतच पाहावं. रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांच्या पुढाकाराने हे मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं, त्याला पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. सर्व जातींना खुला गाभारा ही त्या काळात केवढी गोष्ट होती, ते लक्षात ठेवून आत जावं.

रत्नदुर्गावर सकाळी लवकर जा. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आणि तीन भागांत विखुरलेला आहे: भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला, दीपगृहाचा डोंगर आणि खालचा पेठ किल्ला. गाडी बालेकिल्ल्याच्या दारापर्यंत जाते, त्यामुळे बहुतेक लोक तेवढाच भाग पाहून परततात. दीपगृहाच्या बाजूला जरूर जा. तिथून हे बंदर इथेच का झालं, ते एका नजरेत दिसतं. डोंगर समुद्रात घुसलेला, उत्तरेला मिऱ्याची खाडी आणि पांढरा समुद्र, दक्षिणेला मांडवी आणि काळा समुद्र, पलीकडे भाट्याच्या खाडीचं मुख. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत, म्हणून ती तशी दिसते. दीपगृहात वर सोडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या बहुधा दुपारनंतरच्या असतात. सकाळी फक्त परिसर पाहायचा असं धरूनच चला.

किल्ल्याच्या पायथ्याचं मिरकरवाडा हे मासेमारीचं मोठं बंदर. लिलाव पाहायचा तर सकाळी जावं, पण गाडी आत घालू नये. मासळीच्या ट्रकमधून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर सतत गळत असतं, त्यात तेलकटपणा असतो आणि उतारावर ब्रेक दाबला की चाक घसरतं. शिवाय आत गेलेल्या गाडीला वळायला जागा मिळत नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा इथे फक्त शाकारलेल्या होड्या दिसतील.

थिबा राजवाडा सोमवारी बंद असतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा मात्र १९१० च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे राजाच्या वाट्याला तो सहाच वर्षं आला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधीही शहरात आहे आणि तिथे फार कमी लोक जातात. वाड्यापासून जवळच थिबा पॉइंट आहे. तिथून काजळी नदी समुद्राला मिळते ते दिसतं आणि पुढे दक्षिणेला ज्या पुलावरून जायचं, तो भाट्याचा पूलही.

मांडवीचा धक्का संध्याकाळसाठी ठेवावा. मुंबईहून येणाऱ्या बोटी खोल पाण्यात उभ्या राहायच्या आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. महामार्ग आणि रेल्वे येण्याआधी मुंबईशी रत्नागिरीचं नातं ते एवढंच होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी याच वाटेने गेले.

उत्तरेला: जयगड, हेदवी, गुहागर, दाभोळ

ही फेरी दक्षिणेकडून उत्तरेकडेच करावी, आणि त्याला कारण आहे. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि उत्तरेला जाताना समुद्र डावीकडेच असतो. त्यामुळे आरे-वारेच्या वळणांवर थांबायचं असेल तर गाडी सरळ डाव्या कडेला घेता येते. उलट दिशेने आलात तर आंधळ्या वळणावर समोरची वाहतूक तोडून पलीकडे जावं लागतं. तिथे अपघात याच कारणाने होतात.

शिरगाव, साखरतरचा पूल, आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे हा किनाऱ्याचा रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा आहे. महामार्गाने निवळी फाट्यावरून गेलं तर अंतर दुप्पट. आरे-वारेचा चढ छोटा पण खडा आहे. वर थांबताना हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकाला दगड लावा. खालच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उतरलात तर पाण्यात जाऊ नका. आरे-वारे आणि गणपतीपुळे या दोन्ही ठिकाणी लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि काही पावलांतच खोली वाढते. पोहता येणारी माणसंही इथे बुडाली आहेत.

गणपतीपुळ्याला देवळामागच्या डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात, ती साधारण एक किलोमीटर भरते. अंगारकीला आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी गाडीतळापाशीच तास जातो. तेव्हा सरळ मालगुंडला जाऊन केशवसुतांचं स्मारक पाहावं आणि देवदर्शन दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं.

मालगुंडहून जयगडकडे निघाल्यावर निवळीहून येणारा रस्ता मिळतो आणि तिथून बंदराकडे जाणारे मोठे ट्रेलर सुरू होतात. वळणावर ट्रेलरचा मागचा भाग आतल्या बाजूला कापत येतो, त्यामुळे त्याच्या डाव्या बाजूने घुसू नये. जयगड किल्ल्याला तट आणि बुरूज चांगले राहिले आहेत, जमिनीच्या बाजूला खंदक आहे. खाडीच्या बाजूच्या बुरजावर उभं राहिलं की कोणतंही गलबत संगमेश्वराकडे जाताना या तोफांच्या टप्प्यातूनच जाणार, हे दिसतं.

आता फेरीबोट. तिकीट धक्क्यावर मिळतं, गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं. शनिवार-रविवारी रांगेत एक-दोन फेऱ्या जातात, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवावा. पावसाळ्यात आणि वादळी वाऱ्यात फेऱ्या बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारावं. गाडी चढवायच्या आधी चालक सोडून सगळ्यांनी उतरायचं. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार लांब होतो आणि त्याचा खालचा भाग शेवाळाने आणि चिखलाने बुळबुळीत असतो. पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ वेगाने, सरळ रेषेत जा. उतार आणि बोटीची फळी जिथे मिळतात तिथे तिरकं गेलं तर बुटक्या गाडीचा पुढचा बंपर किंवा खालची बाजू घासते. त्या जागी क्लच अर्धवट दाबून थबकलात तर गाडी मागे सरकते, मग घाबरून जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो आणि चाक शेवाळावर फिरत राहतं. कधी गाडी मागे घेत चढवायला किंवा उतरवायला सांगतात. अशा वेळी बोटीवरच्या माणसाच्या हाताकडेच पाहा, मागे बसलेल्या नातेवाइकांच्या सूचना ऐकू नका. रात्री हेडलाइट बंद करून पार्किंग दिवे ठेवा, नाहीतर वाट दाखवणाऱ्याचे डोळे दिपतात. बोटीवर इंजिन बंद, हँडब्रेक आणि गिअर दोन्ही, आरसे आत. चोरीचा अलार्म बंद ठेवा, बोट हलली की तो वाजत राहतो. पलीकडची फळी पूर्ण टेकेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

बोट नसेल तर जाकादेवीहून राई-भातगावचा पूल आणि आबलोलीमार्गे गुहागर. रस्ता अरुंद आहे, पण खाडीचा आतला भाग पाहायला मिळतो. खरं तर परतीला याच रस्त्याने यावं. खाडी मुखाशी पाहिली आणि आतही पाहिली, असं होतं. रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल झाले की बोटीची गरज उरणार नाही, पण तोवर बेत बोटीभोवतीच फिरतो.

तवसाळहून हेदवी जवळ आहे. दशभुजा गणेशाचं देऊळ कधीही पाहता येईल, बामणघळ मात्र भरतीलाच. समुद्राकाठच्या काळ्या खडकात ही एक अरुंद, लांब भेग आहे. ओहोटीला ती नुसती फट दिसते आणि माणसं दोन मिनिटांत परत फिरतात. पूर्ण भरतीच्या आधीच्या तास-दीड तासात मोठी लाट तोंडातून आत शिरते, भेग आत निमुळती होत गेल्याने पाण्याला आणि हवेला जागा उरत नाही, आधी आतून दणका ऐकू येतो आणि मग पाण्याचा फवारा खडकाच्या वर उसळतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास हे सर्वात जोरात होतं. खडक जिथे ओला आहे तिथवर लाट येतेच, म्हणून कोरड्या खडकावरूनच पाहावं. भेगेच्या कडेला उभं राहून फोटो काढण्याची ती जागा नाही.

मुक्काम गुहागरला. सकाळी अंजनवेलचा गोपाळगड, दीपगृह आणि मग धोपाव्याची फेरीबोट. पलीकडे दाभोळ. आज धक्क्यावर उतरलं की लहानसं गाव लागतं. पण बहमनी आणि आदिलशाही काळात अरबस्तान-इराणकडून येणारे घोडे उतरवणारं हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात मायदेशी परतताना इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज गव्हर्नर आल्मेदाने हे शहर जाळलं. खाडीकाठची घुमटाची मशीद त्या वैभवाची खूण म्हणून उभी आहे, धक्क्यापासून चालत जाता येतं. चंडिकेचं देऊळ गुहेत आहे, आत वाकून जावं लागतं आणि समईच्या उजेडातच दर्शन होतं. गाडी धक्क्याजवळ ठेवून एवढं पाहावं. दाभोळच्या गल्ल्यांत दोन गाड्या समोरासमोर आल्या की कोणाला तरी बरंच मागे जावं लागतं.

वाळू

गाडी पुळणीवर नेऊ नये. कायद्याने, किनाऱ्याच्या आणि कासवांच्या घरट्यांच्या दृष्टीने, आणि गाडीच्या दृष्टीनेही. तरीही दर सुट्टीत कुठे ना कुठे गाडी रुतते. ओली वाळू कठीण दिसते आणि पहिले पन्नास मीटर तशी असतेही. वळताना वेग कमी होतो, पुढचं चाक वरचा थर फोडतं, चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि अर्ध्या मिनिटात गाडी पोटावर बसते. त्यानंतर वेळ भरतीची.

कोणाची गाडी अशी रुतलेली दिसली तर हे करा. चाक फिरवणं थांबवा. चारही टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा, टायर पसरट होतो आणि पकड वाढते. चाकांच्या मागची वाळू उकरून चढ हलका करा, पोटाखालची वाळू काढा. चाकाखाली पायपुसणी किंवा माडाच्या झावळ्या घाला. स्टिअरिंग सरळ ठेवून, ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने गाडी मागे काढा, कारण ती वाळू आधीच दबलेली असते. दोर बांधायचा तर टोइंगच्या कडीलाच बांधा, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला नाही. बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत हळू चालवा.

दक्षिणेला: पावस ते विजयदुर्ग

भाट्याचा पूल ओलांडून पावस साधारण २० किलोमीटर. स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर पाहून पुढे पूर्णगड, मुचकुंदीच्या मुखावरचा छोटेखानी किल्ला. गाडी खालीच ठेवायची आणि वाडीतल्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढायचं. नकाशातलं अ‍ॅप कधी कधी अशा पाखाडीलाच रस्ता समजतं आणि गाडी पायऱ्यांच्या तोंडाशी नेऊन उभी करतं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगड रचून केलेले कुंपणाचे बांध), वळायला जागा नाही. वाट गडग्यांत शिरून निमुळती होऊ लागली की उतरून चालत पाहून या, नाहीतर एखाद्याला विचारा. विचारायला कोकणात कधी लाजू नये. इथे वाट सांगायला माणूस पडवीतून उठून रस्त्यापर्यंत येतो.

गावखडीनंतर रस्ता सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढतो. कशेळीचं कनकादित्य मंदिर आणि आडिवऱ्याची महाकाली, दोन्ही देवळांना थांबावं. पण या पट्ट्यातली सर्वात मोलाची गोष्ट सड्यावर पायाखाली आहे. कातळशिल्पं, म्हणजे सपाट कातळावर कोरलेल्या प्राचीन आकृत्या. रत्नागिरी-राजापूर भागातल्या उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या सात जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेल्या. कशेळीला हत्तीची प्रचंड आकृती आहे आणि तिच्या पोटात इतर प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. कडेला उभं राहिलं तर सुरुवातीला काहीच दिसत नाही, नुसते चर. एका चरावर नजर ठेवून सावकाश चालत गेलं की आधी सोंड लागते, मग पाय, मग पाठीची लांबच लांब रेषा, आणि एकाएकी अख्खा हत्ती समोर येतो. भर दुपारी जाऊ नका, डोक्यावरच्या उन्हात चरांना सावली नसते आणि सगळं सपाट दिसतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरप्या उन्हात कड उठून दिसते. पावसाळ्यानंतर नोव्हेंबरपर्यंत गवत आकृत्या झाकतं. डिसेंबर ते मार्च उत्तम. चरांत पाणी, खडू किंवा रंग घालून फोटो काढण्याचा प्रकार काही जण करतात, तो अजिबात करू नये. देवाचे गोठणे इथे होकायंत्र सोबत न्या. कातळावर एका जागी सुई दिशा बदलते, फोनमधल्या होकायंत्रातही दिसतं.

सड्यावरच्या रस्त्याची एक खोड आहे. डांबर संपलं की कडेला जांभ्याची खोल कड असते, कधी वीतभर, कधी जास्त. समोरच्याला वाट देताना डावं चाक खाली गेलं तर टायरची बाजू फाटते आणि बाजू फाटलेला टायर पंक्चरवाला जोडून देत नाही. म्हणून स्टेपनीत हवा भरलेली आहे ना, हे घरूनच पाहून निघा. पेट्रोल-डिझेल रत्नागिरीत पूर्ण भरून घ्या. खोलगट वाड्यांत फोनचं नेटवर्क जातं, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

नाट्याचा यशवंतगड, मग जैतापूरच्या पुलावरून पलीकडे, माडबन, सागवे आणि वाघोटणचा पूल ओलांडून पडेलमार्गे विजयदुर्ग. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, नुसतं चालवायला चार तास. थांबे धरले तर पूर्ण दिवस जातो, म्हणून मुक्काम विजयदुर्गलाच करावा.

हा किल्ला किमान तीन तासांचा आहे. तिहेरी तटबंदी, खाडीच्या तोंडावरच उभा. आंग्र्यांचं आरमार या खाडीत सुरक्षित असायचं, कारण मोठ्या गलबतांना आत येण्याची वाट किल्ल्याला खेटूनच होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, वॉटसनच्या जहाजांनी समुद्राकडून मारा केला, क्लाइव्हचं सैन्य जमिनीवर उतरलं आणि खाडीत उभं असलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठ्यांचं आरमार मराठ्यांच्याच संमतीने जळालं, ही खंत तटावर उभं राहिलं की मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी गिर्ये इथे खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी पाहा, शक्यतो ओहोटीला. जवळच्या रामेश्वराच्या देवळाकडे खडक कापून केलेल्या वाटेने उतरावं लागतं.

परत येताना किनाऱ्याने न येता खाडी आतून पाहावी: खारेपाटण, मग राजापूर. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा इ.स. १००८ चा ताम्रपट सापडला, आज तिथे खाडीकाठी शांत पेठ आहे. राजापुरात इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं आणि वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन याच्यासह वखारवाल्यांना कैद केलं. पुढे गाळाने खाडी भरत गेली आणि गलबतं शहरापर्यंत पोचेनाशी झाली. पावसाळ्यात अर्जुना-कोदवली फुगल्या की जवाहर चौकात पाणी येतं, तेव्हा गाडी खालच्या पेठेत लावू नका. शहराजवळच धूतपापेश्वराचं देऊळ नदीच्या धबधब्याकाठी आहे, उन्हाळे गावी गरम पाण्याचा झरा आहे, आणि राजापूरची गंगा (अधूनमधून आपोआप वाहू लागणारे झरे) आली असेल तर चौदा कुंडं भरलेली मिळतील.

महामार्ग आणि घाट

राजापूर ते हातखंबा महामार्गाने लांजामार्गे दीड-दोन तास. आरवली ते वाकेड या पट्ट्यात चौपदरीकरण सर्वात रेंगाळलं. वळवलेले रस्ते अचानक लागतात आणि काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथे मोठी पायरी असते. रात्री इथे ६० च्या वर जाऊ नका. मुंबईकडे परतताना वेळ असेल तर संगमेश्वरला थांबून कसब्याचं कर्णेश्वर मंदिर पाहा. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज याच परिसरात पकडले गेले.

पुणे-कोल्हापूरची मंडळी पाली, साखरपामार्गे आंबा घाटाने येतात. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो, जळका वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. वास आला तर रुंद जागी थांबून वीस मिनिटं निवू द्या, चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा एल मोड लावा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड येते आणि दाट धुकं असतं. धुक्यात हाय बीम लावलं तर समोर पांढरी भिंतच दिसते, लो बीम आणि फॉग लॅम्प पुरेत. हॅझार्ड दिवे चालत्या गाडीत लावू नका, वळण्याची खूण मागच्याला कळत नाही.

घरी पोचल्यावर दोन दिवसांत गाडी खालून धुऊन घ्या, चाकांच्या कमानी आणि सायलेन्सर धरून. फेरीबोटीच्या धक्क्यावरचं खारं पाणी आणि चिखल तिथे साचून राहतो आणि गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. एअर फिल्टर काढून झटका, जांभ्याची लाल धूळ त्यात बसलेली असेल.